कुजायला घातलेली माती

२ मार्च

आज लेकीने मला संडासाचा नकाशा दाखवला, आणि तोही जेवताना. घास हातातच राहिला.

म्हणे यात पाणी लागत नाही. बसायचे, उठायचे, वरून दोन ओंजळी लाकडाचा भुसा टाकायचा आणि झाकण लावायचे. वर्षभराने आतल्या सगळ्याची काळी माती होते, ती झाडांना घालायची. मी विचारले, आणि त्या झाडांची फळे कोण खाणार? ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीच. तुती आवडते ना तुम्हाला."

मी ताट बाजूला सारले.

ही जागा आम्ही चाळीस वर्षांपूर्वी घेतली, मी आणि लेकीच्या आईने. तिसरीच्या पुस्तकात एक कविता होती, ओढ्याकाठच्या झोपडीची. डाव्या पानावर कविता, उजव्या पानावर चित्र: झोपडी, झाड, धुराची एक रेघ, मागे दोन टेकड्यांमध्ये मावळता सूर्य. शाळेत असताना ती मला तोंडपाठ होती. पुढे पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक झालो आणि त्याच कवितेची मुद्रिते एकोणीस वर्षे तपासली. एकही काना, एकही वेलांटी सुटू दिली नाही. कागदावर बोटाचा डाग पडू नये म्हणून प्रत्येक मुद्रित हाती घेण्याआधी हात धुवायचो. ओढा, तुतीचे झाड आणि दोन टेकड्या एकत्र दिसल्या तेव्हा आम्ही दोघे एकदमच म्हणालो, हेच ते. मग झोपडी बांधायचे राहून गेले. राहूनच गेले.

आता लेक बांधते आहे. ती चित्रकार आहे, म्हणजे होती. आई अंथरुणाला खिळल्यावर तिचे ब्रश जे सुटले ते सुटलेच. आईला जाऊन चार वर्षे झाली. आता ती पन्नाशीला टेकली आहे आणि त्या जागेवर तिला एक छोटा स्टुडिओ हवा आहे. मातीचा, पेंढ्याचा, जुन्या लाकडांचा. जमिनीतून यावा आणि कधी पडला तर जमिनीतच विरून जावा, असा. कल्पना काव्यमय आहे. पण काव्यात संडास नसतो.

काम होईपर्यंत गावाच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. मी शहरातच राहतो म्हणालो, तर म्हणाली, "तुम्ही हवेतच तिथे." कोणीतरी देखरेखीला हवेच. तिला यातले काय कळते?

५ मार्च

आज लेकीने मला मोकळ्या शेतात गोणपाटावर झोपवले. "बाबा, जरा इथे आडवे व्हा." गोणपाटाला कसला तरी आंबूस वास होता आणि त्यावरून एक गोम गेली. मी उठू लागलो तर म्हणे, हलू नका. मग टेप घेऊन जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंतची उंची मोजली. नंतर खुर्चीवर बसवून गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजले. एखाद्या मोठ्या चित्रात म्हातारा घालायचा असेल. विचारले नाही. कलावंतांना काम करताना विचारलेले आवडत नाही.

खिडकीवरून मात्र आमचे वाजले. मी म्हणालो, मोठी खिडकी पश्चिमेला हवी, टेकड्यांकडे. पुस्तकातल्या चित्रात तशीच आहे. ती म्हणाली, चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो, तो दिवसभर एकसारखा राहतो. पश्चिमेचे ऊन कॅनव्हासवर येऊन सगळे रंग खोटे करते. माझे तोंड लांब झाले असणार. संध्याकाळी तिने नकाशात पश्चिमेला आणखी एक खिडकी काढली. माझे समाधान व्हायला हवे होते, पण ही खिडकी कमरेच्याही खाली आहे. तिच्यातून टेकड्या पाहायच्या तर माणसाला लोळावे लागेल.

११ मार्च

गवंडीणबाई आल्या. मातीच्या भिंती बांधणारे या भागात आता कोणी उरले नाही, म्हणून लेकीने त्यांना चार गावे पलीकडून शोधून आणले. साठीच्या असतील. अंगाने काटक, गुडघ्यात थोड्या वाकलेल्या. आल्या आल्या जमिनीतून चिमूटभर माती उचलली, तोंडात टाकली, दाढेखाली चावली आणि थुंकल्या.

"गोड आहे," त्या लेकीला म्हणाल्या. "वाळू थोडी घालावी लागेल."

त्याच हाताने त्यांनी मला नमस्कार केला. मी दुरूनच केला. मी कविता म्हणतो हे कळल्यापासून त्या मला गुरुजी म्हणतात. मी शिक्षक नव्हतो, हे दोनदा सांगून झाले.

१९ मार्च

दरवाजा आला. मोडीत काढलेल्या दवाखान्याचा. त्यावर अजून हिरवट रंग आहे, खालच्या भागाला कसल्या कसल्या धडका बसलेल्या आहेत, आणि मुठीजवळ हजारो हातांचा काळा मेणचट थर. किती घामाचे, किती औषधांचे, किती कशाकशाचे हात. लेक तो थर नखाने खरवडत बसली होती.

मी म्हणालो, शाळा मोडतात, वाचनालये मोडतात, तिथले दरवाजे मिळाले नाहीत का? त्यावर ती म्हणाली, "एवढा रुंद दुसरा कुठला नव्हता." स्टुडिओला एवढा रुंद दरवाजा कशाला? हत्तीचे चित्र काढायचे आहे का? गवंडीणबाई हसल्या. लेक हसली नाही, तिने रुंदी पुन्हा एकदा मोजली.

२ एप्रिल

भिंती खांद्यापर्यंत आल्या. जाड, फुगीर, ओल्या. हात लावला तर थंडगार लागते आणि बोटाला चिकटते. मी हात लावत नाही.

तीन तक्रारी वहीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की सांगितले नाही. एक, संडासात दोन्ही बाजूंना लाकडी दांडे बसवले आहेत, जणू बोटीतून प्रवास करायचा आहे. लेक त्या दांड्यांना लोंबकळून ते किती वजन पेलतात ते बघत होती. मी कारण विचारले तर गवंडीणबाई मध्येच म्हणाल्या, "बसल्या बसल्या कविता सुचली तर धरायला, गुरुजी." दोन, सगळ्या घरात एकही पायरी नाही. बाहेरून आतपर्यंत नुसता उतार. पावसाचे पाणी सरळ आत येईल असे मी म्हणालो. येणार नाही, उतार बाहेरच्या बाजूला आहे, असे उत्तर मिळाले. तीन, त्या पश्चिमेच्या बुटक्या खिडकीखाली भिंतीतूनच एक लांब कट्टा काढला आहे, माणूस पाय पसरून झोपेल एवढा. चित्रे काढायची जागा त्याने किती खाल्ली.

"कट्टा कोणासाठी?" मी विचारले.

"असू दे," ती म्हणाली. "कोणी आलं-गेलं तर."

कोण येणार आहे तिच्याकडे? लग्न केले नाही, मैत्रिणी आईच्या आजारपणात तुटल्या.

१४ एप्रिल

आज घाणीचा खड्डा भरला. मला दुसरा शब्द सुचत नाही.

भिंतींना बाहेरून-आतून गिलावा करायचा आहे. तो नुसत्या मातीचा चालत नाही. खड्ड्यात चाळलेली माती, त्यावर बारीक कापलेला पेंढा, त्यावर पाटीच्या पाट्या ताजे शेण, आणि पाणी. मग ते पायांनी तुडवायचे. गवंडीणबाई आणि लेक दोघी मांड्यांपर्यंत त्यात उतरल्या. लेकीच्या गालावर शेणाचा ठिपका होता आणि ती तो पुसत नव्हती. लहानपणी मी तिच्या बोटांना रंग लागला तरी साबण घेऊन धावायचो.

आता हे एकवीस दिवस झाकून ठेवायचे. कुजायला. गवंडीणबाईंनी समजावले की पेंढा कुजला की त्यातून चिकटा सुटतो, आणि तोच मातीला धरून ठेवतो. न कुजता लावली तर माती वाळताना फुटते आणि भिंतीवरून पापुद्र्यासारखी पडते. "वास सहन होईना असं झालं, की समजायचं माल तयार झाला," त्या म्हणाल्या.

लेकीने तारखा मांडून दाखवल्या. पाऊस दहा जूनच्या मागेपुढे येतो. छप्पर झाले आहे, पण इथला पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो. त्याआधी गिलावा होऊन नीट वाळायला हवा, नाहीतर उघड्या भिंती धुऊन जातील. "या वर्षी नाही झालं ना बाबा, तर माझ्याच्यानं पुन्हा नाही होणार," ती म्हणाली. तिने हात धुतले नव्हते. त्याच हाताने माझ्या शर्टाचे वरचे बटण लावले. शर्ट साबणात टाकला.

२० एप्रिल

वास सुरू झाला.

छापखान्याचा वास आठवतो. सकाळी दार उघडले की शाई, रॉकेल आणि कोरा कागद. नव्या पुस्तकाचे पहिले पान उघडून मी त्यात नाक खुपसायचो. माझे नाक लहानपणापासून नाजूक आहे. वर्गात कोणाचा डबा उघडला तरी मला कळायचे. याला मी दोष मानत नाही. ज्याला सुगंध जास्त कळतो त्याला दुर्गंधही जास्त कळणार.

लेकीच्या आईच्या आजारपणात याच नाकाने माझे हाल केले. तीन वर्षे ती अंथरुणावर होती. आतले सगळे लेकच करायची. भांडे, चादरी, पाठीची जखम. मला खोलीत पाऊल टाकवत नसे. पण रोज संध्याकाळी सहाला मी दाराशी जायचो. आधी उंबरठ्याबाहेर फिनेल शिंपडायचो, मग रुमाल नाकाशी धरून उभ्याउभ्या तिला एक कविता म्हणून दाखवायचो. एकही दिवस चुकवला नाही. शेवटी शेवटी तिचे डोळे मिटलेलेच असत. पण मी तोंड उघडायच्या आधीच ती ओठांत हसायची. माझी पावले ओळखायची ती. बावन्न वर्षांच्या संसारात एवढे तर होणारच.

हे आठवले की बरे वाटते. तेवढ्यात वारा फिरला आणि पुन्हा तो वास.

२३ एप्रिल

जेवण जात नाही. पाण्यालाही तोच वास येतो. उशीला येतो. आज धीर करून खड्ड्यावरचे पोते काठीने उचलले. वर तेलकट साय आली आहे, खालून बुडबुडे येतात आणि फुटतात, आणि कडेला पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. जणू काही तरी खाली पडून श्वास घेते आहे. मी जागच्या जागी ओकलो.

आणि हे माझ्या घराच्या भिंतींना लागणार. पुस्तकातल्या झोपडीच्या भिंतींना.

२४ एप्रिल

दोघी आज लाकडाच्या वखारीत गेल्या होत्या, दिवसभर. मी एकटाच.

गावातल्या दुकानातून फिनेलच्या दोन बाटल्या आणल्या. पोते काढले, दोन्ही ओतल्या, लांब काठीने चांगले ढवळले. पाणी पांढरे दुधासारखे झाले. अळ्या बुडाल्या. तासाभरात तो वास गेला, म्हणजे अगदी गेला. पोते पुन्हा होते तसे घातले आणि बाटल्या लांब टाकून आलो.

माती ती मातीच, स्वच्छ झाली तर बिघडले काय? कुजके ते मजबूत, हे कुठल्या शास्त्रात बसते? बायकांचा भाबडेपणा.

संध्याकाळी तुतीखाली बसून झोपडीची कविता पूर्ण म्हटली. एक शब्द अडला नाही. भाकरी दीड खाल्ली.

३ मे

गेले काही दिवस प्रसन्न. गवंडीणबाईंना चार गावे पलीकडे दुसरे काम आहे, त्या उद्या-परवा येतील. लेक उत्तरेच्या खिडकीला जुन्या काचा बसवते आहे. ती एकदा म्हणाली, वास येईनासा झाला आहे, नाही? मी म्हणालो, सवय झाली असेल.

५ मे

एकविसावा दिवस.

गवंडीणबाईंनी पोते बाजूला केले. वाकल्या. हात घातला नाही. बराच वेळ वास घेत राहिल्या. मग मूठभर काढून त्याचा गोळा केला आणि खांद्याच्या उंचीवरून खाली सोडला. गोळा फुटला आणि पसरला. पेंढ्याच्या काड्या आत जशा घातल्या तशाच, पिवळ्या, कडक.

"मेली माती," त्या म्हणाल्या. "कोणीतरी औषध घातलं यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. लेकीनेही पाहिले नाही. ती खड्ड्याच्या काठावर बसली, हात आत घातला, नाकाशी नेला. मला वाटले आता ती ओरडेल. ओरडली असती तर माझ्याजवळ उत्तर होते, सगळे मुद्दे तयार होते. पण ती तो हात तसाच नाकाशी धरून बसली.

"आईच्या दाराशी हाच वास यायचा," ती म्हणाली. "डोळे मिटलेले असायचे तिचे. पण फिनेलचा वास आला की हसायची. म्हणायची, आले बघ तुझे बाबा."

मग उठून ओढ्यावर गेली, हात धुवायला.

६ मे

दुपारभर भाड्याच्या खोलीत येरझारा घातल्या. चपला घालून. मग चपला काढून. मग पुन्हा घालून.

माझ्या चपलांना रबरी तळ आहेत. तेव्हाही होते. आवाज होत नाही. अजिबात होत नाही.

७ मे

सकाळी गवंडीणबाई एकट्या होत्या तेव्हा जाऊन सांगितले की ते मी केले. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. गावात फिनेल दुसरं कोण घेतं?"

मी विचारले, आता काय? त्यांनी बोटांवर हिशेब केला. नवी माती आज भिजवली तर एकवीस दिवस कुजायला, पाच दिवस लावायला, पुढे वाळायला निदान आठवडा. तोवर पाऊस डोक्यावर. मी म्हणालो, मग? त्या जरा वेळ दातकोरणीसारखी काडी चघळत राहिल्या. म्हणाल्या, दुधाला लागते तसे मातीलाही विरजण लागते. त्यांच्या दुसऱ्या कामावर दोन महिने कुजलेला खड्डा आहे. त्यातला बादलीभर चिखल नव्या मातीत कालवला तर दहा-बारा दिवसांत होईल. टेंपो मिळेल. पण रस्ता खड्ड्यांचा, बादली हिंदकळून अर्धी सांडेल. कोणीतरी ती मांडीत धरून बसायला हवे. त्या पुढे बसून रस्ता दाखवणार, आणि लेकीला इथे पेंढा कापायचा आहे.

मग मी रुमाल शोधायला आत गेलो.

८ मे

नऊ ते बारा, टेंपोच्या मागच्या फळीवर, मांडीत बादली.

काय लिहू? दोन महिन्यांची कुज. चौदा एप्रिलच्या खड्ड्याला मी घाण म्हणालो होतो, तो याच्यापुढे अत्तर होता. दोन्ही हात बादलीला, म्हणून रुमाल नाकाशी धरता येईना. गवंडीणबाईंनी तो माझ्या तोंडावरून मागे गाठ मारून बांधला, पहिल्या वळणावरच तो गळ्यात आला. पहिला खड्डा आला तेव्हा चुळकाभर उडाले, पांढऱ्या लेंग्यावर. दुसऱ्याला दाढीवर. मी तोंड मिटून घेतले. तिसऱ्यानंतर मोजणे सोडले. एकदा ओकारी आली तर बादली सोडता येईना, मान वळवून फळीबाहेर ओकलो आणि बादली धरूनच होतो.

सुमारे निम्म्या वाटेवर एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवतो. बादली उबदार होती. बाहेरून कोणी तापवलेली नव्हती. आतूनच ऊब येत होती, आजारी माणसाच्या अंगाला येते तशी. मी लेकीच्या आईचा हात शेवटच्या तीन वर्षांत कधी धरला का, ते आठवू लागलो. रस्ता लांब होता, वेळ भरपूर होता. आठवले नाही.

लेक फाटकाशी उभी होती. तिने बादली घेतली, आत पाहिले. "सांडली नाही," ती म्हणाली. एवढेच.

९ मे

तुडवण.

गवंडीणबाईंचा गुडघा सुजला आहे, त्यांनी सांगून टाकले की त्यांच्याच्याने दुसऱ्यांदा होणार नाही. लेक एकटी उतरली. माती, पेंढा, शेण, आणि मधोमध ती बादली ओतली. मी काठावर उभा राहिलो. काठावर उभे राहायची मला सवय आहे. चार फेऱ्यांत तिचा श्वास वर लागला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिला मी उतरेन असे वाटतच नव्हते, हे मला तिच्या पाठीवरून दिसले.

लेंगा गुडघ्यावर गुंडाळला. चपला काढून शेजारी नीट ठेवल्या.

पहिले पाऊल. बोटांच्या बेचक्यांतून ते वर आले. गार, मग गरम, मग गिळगिळीत. काहीतरी पोटरीला चिकटून हलले. मी देवाचे नाव घेतले नाही, जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. दुसरे पाऊल उचलताना पहिले सुटेना. लेकीने हात पुढे केला. तो हात शेणाने भरलेला होता. धरला.

काही वेळाने सवयीने तोंडात कविता आली, झोपडीची. गवंडीणबाई काठावरून म्हणाल्या, "गुरुजी, ही फार लांबट आहे, पाय रुततात. दुसरी नाही का?" मग इयत्ता दुसरीच्या पुस्तकातली शिपायांची म्हटली, टप्पाटप्प्याची. तिच्यावर पाय बरोबर पडतात. पंधरा कडवी आहेत. चार वेळा झाली. लेकीला ती येते हे मला माहीत नव्हते. मी घरात मुद्रिते वाचायचो तेव्हा ऐकली असणार. एका ठिकाणी मी ओळ चुकलो आणि तिने ती सुधारली.

नंतर मला खाली वाकता येईना. कंबर धरली होती. लेकीने खुर्चीवर बसवले, पाणी आणले आणि माझे पाय धुतले. नखांच्या कडा काडीने साफ केल्या. घाण तिच्या मनगटावरून ओघळत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने एकदाही नाक मुरडले नाही. सरावलेली आहे.

अंगाचा वास तीन साबणांनी गेलेला नाही. आत्ता लिहितानाही येतो आहे. किळसवाणा आहे. तो आवडू लागला वगैरे म्हणणार नाही.

२१ मे

गोळा खांद्याच्या उंचीवरून पडला आणि फुटला नाही. चपटा झाला, बस. गवंडीणबाईंनी तो उचलून माझ्या हातात दिला, जसे बक्षीस देतात.

२५ मे

गिलावा झाला. थापीने नाही, तळहाताने करतात. पश्चिमेची भिंत, म्हणजे कट्ट्याच्या वरची, मला दिली. कारण खाली बसून करता येते. माझा हात सरळ फिरत नाही, लाटा उमटल्या. मी मुद्रितातल्या चुकांसारख्या त्यांच्यावर खुणा करू लागलो, तर लेक म्हणाली, राहू द्या.

गवंडीणबाई आज गेल्या. जाताना सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडल्या आणि लेकीला म्हणाल्या, "दार बरोबर घेतलंस हो, ताई." मग मला नमस्कार केला. या वेळी मीही जवळून केला. त्यांचे हात खरखरीत होते आणि त्यांना ओल्या मातीचा वास होता, दुसरा कसला नाही.

२ जून

भिंती वाळल्या. वास गेला. कुठे गेला कोणास ठाऊक. कान लावल्यासारखे नाक लावून पाहिले, नुसती माती.

ढग दिसू लागले आहेत, पण आता येऊ देत.

दुपारी लेकीने उत्तरेच्या खिडकीशी कॅनव्हास लावला. सात वर्षांनी. माझ्याकडे पाठ करून उभी होती. मला उभे राहवेना, म्हणून त्या कट्ट्यावर जरा आडवा झालो. उशाशी काही नव्हते, तरी मान अवघडली नाही. त्यावर बसताना गुडघेही कुरकुरले नाहीत. कट्ट्याची उंची कुठल्याही खुर्चीहून बरोबर आहे. कुशीवर वळलो, तर डोळ्यांसमोर ती बुटकी खिडकी. तिच्यात तुतीचे झाड, ओढ्याचे वळण आणि मागे दोन्ही टेकड्या. ना बोटभर वर, ना बोटभर खाली. उजव्या पानावरचे चित्र.

मी बराच वेळ तसाच पडून होतो. मग संडासातले ते दोन दांडे आठवले. उतार आठवला. दाराची रुंदी दोनदा मोजली होती, ते आठवले. आणि मार्चमधले ते गोणपाट.

"दिसतं का नीट?" लेकीने न वळता विचारले.

"दिसतं," मी म्हणालो.

कट्टा कोणासाठी, ते पुन्हा विचारले नाही. ब्रशचा आवाज येत होता.

तो संडास मी अजून वापरलेला नाही. किळस ती किळस, चार दिवसांत जात नाही. पण भुशाची बादली रिकामी पडली होती. संध्याकाळी वखारीतून आलेल्या पोत्यातला भुसा काढून ती काठोकाठ भरली आणि जागेवर ठेवली. रुमाल बांधून, पण आत जाऊन.